हुकूम न्यायालयाचा, वसुली कोणाची?

एप्रिल १९७८ मध्ये इंदूरच्या दंडाधिकारी न्यायालयात शाहबानो नावाच्या वृद्धेने, व्यवसायाने वकील असलेल्या आपल्या पतीविरुद्ध पोटगीचा अर्ज दाखल केला. ऑगस्ट १९७९ मध्ये तिला दरमहा २५ रुपये मंजूर झाले. पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैशांवर नेली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने त्या आकड्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर जे घडले त्याने देशाच्या राजकारणाची दिशा बदलली. लोकसभेत चारशेहून अधिक जागांचे पाठबळ असलेल्या राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. आरिफ मोहम्मद खान यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तुष्टीकरण, छद्म धर्मनिरपेक्षता, समान नागरी कायदा हे शब्द तेव्हा राजकीय व्यासपीठावर जे चढले ते आजतागायत उतरलेले नाहीत. या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणत्याच पक्षाने विचारला नाही. न्यायालयाने मंजूर केलेले १७९ रुपये २० पैसे दर महिन्याला तिच्या हाती पडावेत यासाठी राज्यसंस्थेकडे कोणती यंत्रणा होती?

तो प्रश्न आजही अनुत्तरित आहे. पोटगी कोणाला मिळावी, कोणत्या धर्माच्या स्त्रीला कोणत्या कायद्याखाली मिळावी, यावर संसदेने आणि न्यायालयांनी चार दशके खल केला. मंजूर झालेली पोटगी वसूल कोणी करायची, याचा विचार मात्र कधी गांभीर्याने झालाच नाही. परिणामी कायद्याच्या पुस्तकात हक्क दिसतो, निकालपत्रात रक्कम दिसते आणि मुलाच्या ताटात काही पडत नाही. ज्या बापाची ऐपत आहे पण दानत नाही, त्याच्याकडून पैसे काढण्याचे काम आपल्या व्यवस्थेने ज्याच्याकडे सर्वात कमी साधने आहेत त्याच्याच, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या आईच्या, गळ्यात घातले आहे.

शाहबानोचा खटला अर्जापासून अंतिम निकालापर्यंत सात वर्षे चालला. त्यानंतर एका पिढीचे अंतर पडले, तरी काळाचे हे माप बदललेले नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सप्टेंबर २०१३ मध्ये एका मातेने स्वतःसाठी व काही महिन्यांच्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. ‘अंतरिम’ या शब्दाचा अर्थ मूळ दावा निकाली निघेपर्यंतची तात्पुरती सोय. ती सोय करणारा आदेश व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडले. पत्नीला दरमहा १५ हजार, मुलाला पहिली दोन वर्षे ५ हजार व पुढे १० हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. तो आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये कायम केला, प्रकरण दिल्लीला आले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. अर्जाच्या वेळी रांगतही नसलेले मूल तोवर आठव्या वर्षाला टेकले होते. थकबाकी बारा आठवड्यांत भरावी, असे न्यायालयाला तेव्हाही सांगावे लागले. जो वाद देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचला त्याची ही कथा. जे तालुक्याच्या न्यायालयातच थकून सोडून दिले जातात त्यांची गणती कोठे होत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ हे गरिबांचे कलम म्हणून ओळखले जात असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पत्नी, अज्ञान मुले, अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारी सज्ञान मुले आणि आईवडील यांना त्याखाली पोटगी मागता येते. धर्म कोणताही असो, विवाह वैध असो वा नसो, मुलाचा हक्क अबाधित राहतो. पुरेसे साधन असलेली कोणतीही व्यक्ती, म्हणजे प्रसंगी कमावती आईसुद्धा, त्यास जबाबदार असते. १९५५ पासून ५०० रुपयांवर गोठलेली कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने रद्द झाली आणि अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, अशी अपेक्षाही त्याच दुरुस्तीने घातली. येथवर सारे ठीक आहे.

खरी ग्यानबाची मेख पुढे, वसुलीच्या पोटकलमात आहे. पैसे न भरल्यास दंडाधिकाऱ्याने दंडवसुलीच्या रीतीने वॉरंट काढावे आणि त्यानंतरही रक्कम बाकी राहिल्यास एक महिन्यापर्यंत किंवा त्याआधी पैसे भरल्यास तोपर्यंत कारावास द्यावा, असे हे कलम सांगते. परंतु वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत यावा लागतो. म्हणजे पैसे बुडवणाऱ्याला मुदतीचा आडोसा आणि पैसे मागणारीला मुदतीची टांगती तलवार. एका वेळी एका महिन्याहून अधिक तुरुंगवास देता येत नाही, त्यानंतर स्त्रीने पुन्हा न्यायालयात यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले. तुरुंगवास भोगला म्हणून देणे फिटत नाही, हे तत्त्व याच न्यायालयाने त्याआधी सांगितलेले आहे आणि वेळेत अर्ज केलेला असल्यास पुढील थकबाकीसाठी वर्षाच्या मुदतीचा बाऊ करू नये, असे २०१३ मध्ये म्हटले आहे. तत्त्वे उत्तम आहेत. मात्र प्रत्येक तत्त्व अमलात यावे म्हणून कोणीतरी नव्याने अर्ज लिहावा लागतो, नव्याने तारीख घ्यावी लागते.

राजधानीतील तीस हजारी, कडकडडुमा, साकेत किंवा द्वारका येथील न्यायालयांच्या आवारात एखादी सकाळ घालवली तरी या तरतुदींचा व्यवहारातील अर्थ कळतो. थकबाकीदाराचा चालू पत्ता अर्जदार स्त्रीने द्यायचा. तो कोठे नोकरी करतो, पगार किती, बँकेत खाते कोठे, गाडी वा भूखंड कोणाच्या नावावर, हेही तिनेच शोधायचे. वॉरंट पोलीस ठाण्यात जाते आणि ‘इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत येते. पोलिसांच्या कामांच्या उतरंडीत पोटगीच्या वॉरंटाचे स्थान कोठे असते, हे सांगण्याची गरज नाही. शेवटी तो हजर झालाच तर अटक टळेल इतकी किरकोळ रक्कम भरतो, उरलेल्यासाठी मुदत मागतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दरम्यान नोकरी बदललेली असते, दुकान भावाच्या नावावर झालेले असते. मूळ आदेश एक आणि त्याच्या वसुलीच्या दरखास्ती दहा, अशी स्थिती येते. दरखास्तीच्या प्रत्येक तारखेला त्या स्त्रीचा एक दिवसाचा रोजगार बुडतो. कित्येकदा वकिलाची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च यांची बेरीज मागितलेल्या पोटगीला भिडते. अशा वेळी तिने हेलपाटे थांबवले तर त्याला कोणी तडजोड म्हणते, कोणी समजूतदारपणा. वस्तुतः तो व्यवस्थेने घडवून आणलेला हक्कत्याग असतो.

राज्यसंस्थेला वसुली जमत नाही असे कोणी म्हणत असेल तर ते धादांत खोटे आहे. बँकांची कर्जे थकू लागली तेव्हा संसदेने १९९३ मध्ये स्वतंत्र कर्जवसुली न्यायाधिकरणे स्थापन केली. ती अपुरी वाटली तेव्हा २००२ मध्ये तारण मालमत्तेचा ताबा थेट घेण्याचा अधिकार बँकांना दिला. त्यासाठी दिवाणी दावा लावण्याची गरज उरली नाही. आयकर तर पगार हाती पडण्याआधीच मालकाकडून कापून घेतला जातो. सैनिकाने पत्नी व मुलांची आबाळ केली तर त्याच्या वेतनातून कपात करून ती रक्कम कुटुंबाला देण्याची तरतूद १९५० च्या लष्कर कायद्यातच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सामान्य कर्जापोटी पगाराचा मोठा हिस्सा जप्तीपासून सुरक्षित राहतो. पोटगीच्या हुकूमनाम्यापोटी मात्र पगाराचा केवळ एक तृतीयांश भागच सुरक्षित असतो. म्हणजे सावकाराच्या दाव्यापेक्षा मुलाचा दावा मोठा, हे आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केलेले आहे.

याहून बोलके उदाहरण दंडवसुलीच्या रीतीचे आहे. पोटगीची थकबाकी ज्या रीतीने वसूल करावी असे संहिता सांगते, त्या रीतीत जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवून रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा मार्गही समाविष्ट आहे. पूर्वीचे कलम ४२१ आणि आताचे कलम ४६१ पाहावे. जमीन महसुलाची वसुली हे या देशातील प्रशासनाचे सर्वात जुने आणि सर्वात धारदार हत्यार. ब्रिटिशांनी त्यावर साम्राज्य चालवले. ते हत्यार कायद्याने मुलाच्याही हाती दिलेले आहे, पण दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयातून ते क्वचितच बाहेर निघते. पोलीस शिपायाच्या हाती वॉरंट देण्याचीच सवय पडून गेली आहे.

वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत संसदेने निराळी वाट चोखाळली, हेही लक्षात घ्यायला हवे. २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरणे नेमली, नव्वद दिवसांची कालमर्यादा घातली, वकिलांशिवाय काम चालावे अशी सोय केली. त्या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र निर्दोष आहे असे नाही. तरीही निर्वाहाचा प्रश्न केवळ दोन पक्षांमधील भांडण नसून प्रशासनाचीही जबाबदारी आहे, ही भूमिका त्यातून मान्य झाली. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी जी भूमिका घेता येते ती सहा वर्षांच्या मुलासाठी का घेता येऊ नये, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. वृद्धांना मत असते, मुलांना नसते, हे कारण असेल तर ते उघडपणे सांगण्याचे धैर्य तरी असावे.

न्यायालयांनी आपल्या परीने पुष्कळ केले. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. जे. आर. मिढा यांनी दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, खर्च व मालमत्ता यांचा तपशील देणारे प्रतिज्ञापत्र कसे द्यावे, याचा सविस्तर नमुना घालून दिला. २०२० च्या त्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने असे प्रतिज्ञापत्र देशभर आवश्यक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढावेत आणि पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणावा, असे सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये पोटगीचा हक्क कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांच्या हक्कापुढे मागे पडणार नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु न्यायालय आदेश देते, ते पैसे गोळा करणारे खाते नव्हे. दरमहा पाच तारखेला कोणाचा हप्ता आला, कोणाचा चुकला हे पाहणारा एकही कर्मचारी देशातील बहुसंख्य न्यायालयांत नाही. चूक झाली हे न्यायालयाला कळते ते आईने अर्ज केल्यावर.

आता राजकारणाकडे वळू. फौजदारी कायद्यांची पुनर्रचना करण्याची ऐतिहासिक संधी संसदेला २०२३ मध्ये मिळाली होती. वसाहतकालीन मानसिकता टाकून देत असल्याचा गाजावाजा झाला. पोटगीचे कलम मात्र क्रमांक बदलून जवळजवळ शब्दशः नव्या संहितेत आले. एका महिन्याचा कारावास तोच, एका वर्षाची मुदतही तीच. ज्या विरोधकांनी या कायद्यांवर टीका केली त्यांनाही या कलमाची आठवण झाली नाही. याउलट, हक्क कोणाचा हा प्रश्न निघाला की दोन्ही बाजूंना आवेश चढतो. २०१९ च्या तिहेरी तलाक कायद्यात पत्नी व मुलांसाठी निर्वाहभत्त्याची तरतूद झाली, पण चर्चा झाली ती नवऱ्याच्या तुरुंगवासाची. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसामान्य कायद्याखाली पोटगी मागता येते, असा निर्वाळा १० जुलै २०२४ रोजी न्या. नागरत्ना व न्या. मसीह यांच्या पीठाने दिला, तेव्हा कोणाचा विजय आणि कोणाचा पराभव याचे हिशेब दिवसभर मांडले गेले. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली, तेव्हाही तेच. कोणत्याही धर्माच्या मुलाची पोटगी थकण्याची रीत मात्र एकच आहे. समान नागरी कायदा यायचा तेव्हा येवो; पोटगी बुडवण्याच्या बाबतीत देशात समानता केव्हाच प्रस्थापित झाली आहे.

या विषयावर दुसऱ्या बाजूने जे म्हटले जाते त्याचाही विचार प्रामाणिकपणे करायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरमधील एका तरुण अभियंत्याच्या आत्महत्येनंतर पोटगीच्या मागण्यांचा शस्त्रासारखा वापर होतो, असा आक्रोश देशभर झाला. खोट्या तक्रारी होतात, फुगवलेल्या मागण्या होतात, मुलाला भेटू दिले जात नाही, ही दुःखे खरी आहेत आणि त्यांची दाद लागली पाहिजे. परंतु त्यावरचा उपाय रक्कम ठरवण्याच्या टप्प्यावर आहे. उत्पन्नाचा खरा तपशील, वाजवी कोष्टक आणि जलद निर्णय यांत तो आहे. एकदा न्यायालयाने दोघांचे ऐकून रक्कम ठरवल्यावर ती बुडवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. भेटीचा वाद असेल तर भेटीसाठी अर्ज करावा. मुलाचे दूध बंद करून आईवर दबाव आणणे हा सौदा झाला आणि त्यात ओलीस ठेवले जाते ते मूलच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या बापाची मजुरीच दिवसाआड मिळते त्याला तुरुंगात टाकून काय साधणार? खरे आहे. तुरुंगात गेलेला माणूस कमावत नाही आणि कमावत नाही तो देतही नाही. म्हणूनच कारावासावर सारी भिस्त ठेवणारी सध्याची रचना मुळात चुकीची आहे. ज्याची ऐपत नाही आणि ज्याची इच्छा नाही, या दोघांना ती एकाच काठीने हाकते. गरीब मजूर महिनाभर आत जातो आणि ज्याचा वकील तरबेज तो वर्षानुवर्षे बाहेर राहतो. उत्पन्न घटल्यास रक्कम बदलून घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. ती सोपी करावी. ज्याची इच्छाच नाही त्याच्यासाठी मात्र वसुलीची वेगळी व्यवस्था हवी.

जगाने या प्रश्नावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने १९७५ मध्ये संघराज्याच्या कायद्याने प्रत्येक राज्यात अपत्य-निर्वाह वसुलीचे कार्यालय उभे करवले. आज तेथे पगारातून थेट कपात होते, आयकराचा परतावा अडवला जातो आणि थकबाकी अडीच हजार डॉलरांवर गेली की पारपत्र नाकारले जाते. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये हे काम करवसुलीच्या यंत्रणेशी जोडले. जर्मनीत १९८० पासून सरकार मुलाला ठरावीक निर्वाह रक्कम आगाऊ देते आणि मग ती चुकार पालकाकडून वसूल करायला निघते. सारी रक्कम सरकारला परत मिळत नाही, पण वसुलीचा धोका मुलाऐवजी सरकार पत्करते. ब्रिटनचा अनुभव सावध करणारा आहे. १९९३ मध्ये तेथे स्थापन झालेली संस्था चुकीच्या आकारण्या आणि साचलेली प्रकरणे यांमुळे इतकी बदनाम झाली की २०१२ पासून तिच्या जागी नवी व्यवस्था आणावी लागली. तात्पर्य, केवळ कार्यालय उघडून भागत नाही. आकारणी सोपी आणि माहिती अचूक असावी लागते.

भारतात यासाठी आकाशपाताळ एक करावे लागणार नाही. पहिली गोष्ट, पगारदाराच्या बाबतीत कपात पहिल्याच महिन्यापासून व्हावी; कसूर होण्याची वाट पाहू नये. मालकाने जसा आयकर कापायचा तशीच पोटगी कापून मुलाच्या खात्यात भरायची. दुसरी गोष्ट, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत पोटगी वसुली अधिकारी नेमावा. न्यायालयाचा आदेश झाला की त्याची प्रत तेथे जावी आणि हप्ता चुकताच वसुलीची कारवाई आईच्या अर्जाविना सुरू व्हावी. व्यापारी, ठेकेदार, घरमालक यांचे उत्पन्न शोधण्यासाठी कर, जमीन व वाहन नोंदणीच्या ज्या नोंदी सरकारपाशी आहेत त्या न्यायालयाच्या परवानगीने या अधिकाऱ्याला पाहता याव्यात. तिसरी गोष्ट, मुलाच्या पोटगीपुरती एका वर्षाच्या मुदतीची अट रद्द करावी आणि थकलेल्या रकमेवर व्याज लावावे. बँकेचे कर्ज थकले तर व्याज चढते आणि मुलाचे देणे थकले तर ते कालबाह्य होते, ही विसंगती लाजिरवाणी आहे. चौथी गोष्ट, किती आदेश झाले, किती रक्कम वसूल झाली आणि किती थकली, याचे आकडे दरवर्षी संसदेपुढे यावेत. बुडीत कर्जांचा आकडा अर्थमंत्र्यांना संसदेत सांगावा लागतो. मुलांच्या बुडीत पोटगीचा आकडा कोणी विचारतही नाही आणि कोणी प्रसिद्धही करत नाही.

पैसा कोठून येणार, असा प्रश्न अर्थखाते विचारील. तो पैसा आताही जातोच आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरजू मुलांसाठी दरमहा ४ हजार रुपयांचे प्रायोजकत्व आहे आणि घटस्फोटित वा टाकून दिलेल्या मातांची मुले त्यास पात्र ठरतात. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून एकल पालकांच्या मुलांना मदत मिळते. दिल्ली सरकार विधवांबरोबरच घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांनाही निवृत्तिवेतन देते. या योजना हव्यातच. पण त्यांच्या लाभार्थींपैकी ज्या मुलांचा बाप हयात आणि कमावता आहे, त्यांच्या बाबतीत करदाता त्या बापाचे देणे फेडतो आहे आणि सरकार त्याच्याकडे एका शब्दाने विचारणा करत नाही. हेच पैसे आगाऊ पोटगी म्हणून देऊन बापाकडून जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याचा अधिकार सरकारने घेतला तर तिजोरीवरचा भार वाढण्याऐवजी कमीच होईल.

परदेशी गेलेल्या पित्यांचा प्रश्न आणखी बिकट आहे. पंजाबपासून आंध्रपर्यंत अनेक घरांना तो भेडसावतो आणि पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गालाही तो अनोळखी राहिलेला नाही. सीमेपलीकडील पोटगी वसुलीसाठी आपला मुख्य आधार अद्याप १९२१ चा, परस्पर व्यवहार असलेल्या प्रदेशांपुरता मर्यादित असलेला, कायदा आहे. अपत्य-निर्वाहाच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी २००७ मध्ये हेग येथे झालेल्या करारात भारत सामील नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, तेही तडीस गेले नाही. आपण ज्या बालहक्क संहितेला डिसेंबर १९९२ मध्ये संमती दिली, तिच्या २७ व्या अनुच्छेदाने मुलाच्या निर्वाहाची रक्कम देशातून आणि परदेशातूनही वसूल करून देण्यासाठी योग्य ती सर्व पावले उचलण्याचे बंधन राज्यसंस्थेवर घातले आहे. ते बंधन आईवर नाही. आपण मात्र ते सारे ओझे तिच्याच डोक्यावर ठेवून तीन दशके निवांत आहोत.

महाराष्ट्रात १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांनी परिषद भरवली, तेव्हा ‘टाकलेली’ हा शब्द पहिल्यांदा सार्वजनिक जीवनात प्रश्न म्हणून उभा राहिला. त्याआधी तो केवळ गावगप्पांतला टोमणा होता. एखाद्या घरातील खासगी दुःख म्हणून जे झाकले जात होते त्याला राजकीय रूप देण्याचे काम त्या स्त्रियांनी केले. आज त्याच धैर्याने थकलेल्या पोटगीला सार्वजनिक थकबाकीचे रूप देण्याची गरज आहे. जो माणूस न्यायालयाने ठरवलेले मुलाचे देणे बुडवतो, त्याचे ते कौटुंबिक प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही. तो न्यायालयाचा आणि समाजाचा थकबाकीदार आहे.

इंदूरच्या त्या वृद्धेच्या नावावर या देशात निवडणुका लढल्या गेल्या, मंत्री गेले, कायदे झाले, पुस्तके निघाली. तिच्या १७९ रुपये २० पैशांची पावती मात्र कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात सापडणार नाही. येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने पोटगीवर बोलायचे ठरवले, तर त्याने धर्म, परंपरा आणि पुरोगामित्व क्षणभर बाजूला ठेवून कायदामंत्र्यांना एवढेच विचारावे: गेल्या महिन्यात देशातील न्यायालयांनी मुलांना जितके रुपये मंजूर केले, त्यातले मुलांपर्यंत किती पोहोचले? ज्या दिवशी या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळेल, त्या दिवशी मुलाच्या हक्काला निकालपत्राबाहेर काही किंमत आली असे म्हणता येईल.